फॅन ० दिसला म्हणून ग्राफिक्स कार्ड ओव्हनमध्ये घालू नका रे बाबांनो

परवा भर दुपारी अकोल्याहून भाच्याचा फोन. "मामा, आईच्या ओटीजीत दोनशेला दहा मिनिटं ठेवायचंय, फॅन काढून ठेवू का फॅनसकटच?" मला वाटलं केकबिक करतोय आणि ओटीजीच्या, म्हणजे घरगुती ओव्हनच्या, आतल्या फॅनबद्दल विचारतोय. दोन मिनिटांनी डोक्यात प्रकाश पडला की साहेब ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पीसीत स्क्रीनवरचं चित्र तयार करणारा भाग, भाजायला निघालेत. कॅबिनेटचा पत्रा काढलेला, कार्डाचे दोन्ही स्क्रू काढून वाटीत ठेवलेले, कार्ड अजून स्लॉटातच होतं हे नशीब, आणि ओटीजी प्रीहीटला लावलेला. म्हटलं बाळा, आधी तो ओटीजी बंद कर, मग बोलू.

तर हा सगळा प्रताप एका फॉरवर्डचा. भाऊजींच्या कॉलेजच्या ग्रुपवरून आमच्या फॅमिली ग्रुपवर, तिथून भाच्याकडे. हाच मेसेज मला आठवड्याभरात तिसऱ्यांदा आलाय, त्यातला एकदा तर अशा माणसाकडून जो स्वतः कॉम्प्युटरवर पोट भरतो. ज्यांना आला नसेल (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात देतो, लाल दिवे आणि हात जोडलेले इमोजी वगळून:

"गेमिंग पीसी घरात असलेल्या प्रत्येक पालकाने वाचा. १) सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्स कार्डचा फॅन ० दिसला तर फॅन जळाला आहे, ताबडतोब पीसी बंद करा. २) तापमान ६० च्या वर गेलं तर कार्ड सहा महिन्यांत मरतं. ३) दोन सॉफ्टवेअर वेगवेगळं तापमान दाखवत असतील तर व्हायरस आहे, खालच्या लिंकवरून सेन्सर फिक्सर टाका. ४) फॅन कायम १०० टक्क्यांवर लॉक करा. ५) तरीही आकडा चुकीचा वाटला तर कार्डवरचा सेन्सर सैल झाला आहे, ओव्हनमध्ये २०० डिग्रीला १० मिनिटं ठेवा, टाका (सोल्डर) परत घट्ट बसतो. पेस्ट वाळली असेल तर पांढरी टूथपेस्ट चालते. ६) उन्हाळ्यात कॅबिनेट उघडं करून कूलरसमोर ठेवा. दुकानदार हे कधीच सांगणार नाहीत."

पाचवा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीच्यांनी फार तर झोप उडेल, याने घर पेटेल.

सगळ्यात पहिलं म्हणजे "कार्डवरचा सेन्सर सैल झाला" हे वाक्यच निरर्थक आहे. जीपीयूचं (कार्डावरच्या मुख्य चिपचं) तापमान मोजणारा सेन्सर हा बोर्डावर वेगळा डकवलेला सुटा भाग नसतो. तो त्या मधल्या काळ्या चकचकीत चिपच्या पोटात, सिलिकॉनमध्येच बनवलेला असतो. आणि एकच असतो असंही नाही, २०१९ मध्ये आलेल्या एएमडी कंपनीच्या रेडिऑन सेव्हन कार्डात एकाच चिपवर ६४ सेन्सर होते. आता हे ६४ सेन्सर भाजून घट्ट बसवायचे म्हणजे पोटात दुखतंय म्हणून माणसालाच तव्यावर टाकण्यातला प्रकार झाला.

पण ही ओव्हनची गोष्ट आकाशातून पडलेली नाही, हेही खरं, आणि म्हणूनच ती मरत नाही. २००८ च्या जुलैमध्ये ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने जाहीर केलं होतं की त्यांच्या काही जुन्या लॅपटॉप चिप्सच्या पॅकेजिंगमध्ये वापरलेलं मटेरियल कमकुवत निघालं आणि वॉरंटी-दुरुस्तीपोटी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला ठेवावे लागतायत. त्या काळात चिप तापून-गार होऊन, तापून-गार होऊन आतले बारीक जोड तडकायचे, स्क्रीनवर रेघा यायच्या किंवा काहीच दिसायचं नाही. तेव्हा लोकांनी हताश होऊन बोर्ड ओव्हनमध्ये घातले आणि काहींचे चालू झाले. चालू झाले म्हणजे काय, तर उष्णतेने तडकलेला जोड थोडा फुगून परत टेकला, काही दिवस किंवा काही आठवडे चालला आणि परत गेला. तो मेलेल्या कार्डावरचा शेवटचा उपाय होता, तोही तात्पुरता. आमच्या साहेबांचं कार्ड जिवंत होतं, त्यावर रोज रात्री गेम चालू होती!

आता त्या २०० डिग्रीचं बघू. सध्या बोर्डांवर शिसंविरहित टाका वापरतात, तो वितळतो साधारण २१७ डिग्रीच्या पुढे. म्हणजे २०० ला टाका वितळतच नाही, "परत घट्ट बसतो" कुठून? आणि ओटीजीचा तो गोल खटका अंदाजपंचे असतो हे घरातल्या कुठल्याही बाईला विचारा, नानकटाई एका बाजूने करपते ती काय उगाच. समजा तो २०० च्या नावाखाली २२५ ला गेला, तर टाका खरंच वितळेल आणि मग बोर्डाच्या खालच्या बाजूचे भाग, त्यातही जड, टपाटप ट्रेमध्ये पडू शकतील. कारखान्यात हेच काम करतात तेव्हा तापमान हळूहळू चढवतात, शेवटच्या टोकाला मिनिटभर ठेवतात आणि ठरलेल्या वेगाने उतरवतात, त्यासाठी वेगळी भट्टी असते. शिवाय कार्डावरच्या बऱ्याच कपॅसिटरवर १०५ डिग्री लिहिलेलं असतं, कामकाजाची कमाल मर्यादा म्हणून. फॅनचं प्लास्टिक, आतलं ग्रीस, थर्मल पॅड, हे सगळं दहा मिनिटांत वास मारायला लागणार आणि तो धूर ज्या डब्यात, त्याच डब्यात रविवारी ताई पोरांसाठी पिझ्झा करणार. हे लिहिणाऱ्याने एकदा तरी करून बघितलं असेल असं मला वाटत नाही, आणि केलं असेल तर त्याच्याकडे आता कार्डही नसेल आणि ओव्हनही.

टूथपेस्टचं एका ओळीत: त्यात पाणी असतं, म्हणून पहिले काही तास बरा आकडा दिसतो, मग पाणी उडतं आणि चिपवर खडू उरतो. थर्मल पेस्टची (चिप आणि कूलरच्या मधे लावतात ती) ट्यूब काही शे रुपयांत येते, पुढे चला.

आता पहिला मुद्दा, "फॅन ० म्हणजे फॅन जळाला". भाच्याने घाबरून एवढा पसारा मांडला तो यावरूनच. डेस्कटॉपवर नुसता बसलाय, ब्राउझर उघडा, तापमान ५२, फॅन ०. अरे मग बरोबरच आहे ना! २०१४ मध्ये एनव्हिडियाची जीटीएक्स ९७० आणि ९८० ही कार्डं आली तेव्हापासून एमएसआय, आसुस वगैरे कंपन्यांनी ही सोय सर्रास द्यायला सुरुवात केली, कार्ड थंड असेल तर फॅन बंदच ठेवायचे. एमएसआय त्याला झिरो फ्रोझर म्हणते, आसुस झिरो डीबी म्हणते, नावं काहीही असोत, काम एकच. साधारण ५० ते ६० च्या दरम्यान कुठेतरी फॅन चालू होतात, आणि बंद व्हायला त्याच्याही खाली यावं लागतं, नाहीतर त्याच आकड्यावर चालू-बंद चालू-बंद करत बसतील. (भाच्याने मागे एमएसआयच्या आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः फॅन कर्व्ह, म्हणजे किती तापमानाला फॅन किती वेगाने ती रेघ, ओढला होता आणि मग दर अर्ध्या मिनिटाला घुर्र करून फॅन चालू होतो अशी तक्रार होती, ती याचमुळे. त्यात हिस्टरेसिस (चालू आणि बंद व्हायच्या आकड्यातलं अंतर) नावाचा एक खाना असतो, तिथे तीन-चार टाकलं की थांबतं.) आणि हो, दोन मॉनिटर लावले असतील किंवा मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर कधीकधी नुसतं बसल्याबसल्याही कार्डाची मेमरी पूर्ण वेगाने पळत राहते आणि तापमान चाळीसच्या जागी पन्नास-पंचावन्न दिसतं. त्यात सेन्सरचा काही दोष नाही.

म्हणजे ० हा आकडा स्वतः काहीच सांगत नाही. तापमान किती असताना ०, हे सांगतं. ५२ ला ० म्हणजे ठीक, ८० ला ० म्हणजे धावा.

आता यात खरी गंमत आहे ती फॅनच्या आकड्याची, आणि ती या फॉरवर्डमध्ये कुणालाच माहीत नाही. फॅनचे दोन वेगळे आकडे असतात, एक टक्क्यात आणि एक आरपीएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती फेऱ्या. लोक दोन्ही एकच समजतात. टक्के म्हणजे हुकूम आणि आरपीएम म्हणजे हजेरी. हे माझं म्हणणं नाही. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरबरोबरच (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) एनव्हिडिया-एसएमआय (nvidia-smi) नावाची कमांड येते, वेगळं काही डाउनलोड करायला लागत नाही, आणि तिच्या अधिकृत मॅन्युअलमध्ये फॅन स्पीडच्या खाली स्वच्छ लिहिलंय: दाखवलेला वेग हा फॅनने ज्या वेगाने फिरणं अपेक्षित आहे तो वेग आहे, फॅन कशात अडकून फिरूच शकत नसेल तर हा आकडा प्रत्यक्ष वेगाशी जुळणार नाही. एवढंच नाही, हा टक्का काही वेळा शंभरच्याही वर जाऊ शकतो असंही तिथेच म्हटलंय, कारण ते शंभर म्हणजे फॅनची शारीरिक मर्यादा नाही, आवाज किती सहन करायचा त्या हिशोबाने ठरवलेला कमाल वेग आहे. कार्ड बनवणारी कंपनी स्वतः सांगतेय की हा आकडा मोजलेला नाही! फॉरवर्डवाले मात्र तोच आकडा घेऊन कार्डाचं मृत्युपत्र लिहितायत.

मग हजेरी तरी खरी का? फॅनला एक वेगळी वायर असते, फॅन एकदा फिरला की ती साधारण दोन ठोके देते, ते मोजून आरपीएम काढतात. म्हणजे हे मोजलेलं असतं. पण दोन फॅनच्या बऱ्याच स्वस्त कार्डांमध्ये दोन्ही फॅन एकाच जोडणीवर असतात आणि मोजणीची वायर एकाच फॅनची असते. एक पोरगं वर्गात बसून दोघांची हजेरी लावतंय, प्रॉक्सी. हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये, भाच्याच्या कार्डात नेमकं हेच निघालं.

झालं असं की ओटीजी बंद करून घेतल्यावर मी त्याला व्हिडिओ कॉलवर घेतलं. स्क्रू परत लावले, मॉनिटरची वायर कार्डालाच आहे ना बघितलं (आई शपथ, मदरबोर्डाला लावून "कार्ड स्लो आहे" म्हणणारे मी चार तरी बघितलेत), आणि गेम चालू करायला सांगितली. कार्ड एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० आहे, १२ जीबीवालं. पाच मिनिटांत तापमान ८६, हॉटस्पॉट (चिपची सगळ्यात तापलेली जागा) १००. फॅन ७८ टक्के, आरपीएम एकोणीसशेच्या आसपास. म्हणजे हुकूम सुटलाय, हजेरीही लागलीय, आणि तरी ८६. म्हटलं मोबाइलचा टॉर्च लाव आणि कार्डाच्या खाली धर. तिथे आवाज नुसता. "मामा, एक फिरतोय. मागचा नाही फिरत... थांब, याच्यात काहीतरी आहे." लाल रंगाची साटा केबल (हार्ड डिस्क मदरबोर्डाला जोडतात ती), पट्टीसारखी चपटी, लोंबकळून मागच्या फॅनच्या पात्यांत जाऊन बसलेली. पातं तिला टेकून थरथरत होतं. बंद करून केबल ओढली, चिमटीत धरून झिप टायने मागच्या पत्र्याला बांधली, परत गेम, ७३ आणि हॉटस्पॉट ८६. सेन्सर पहिल्यापासून खरंच बोलत होता, बिचारा. त्याच्यावर कुणाचा विश्वास नव्हता.

म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर टाकायच्या आधी टॉर्च लावून डोळ्यांनी बघा. पीसी बंद करून बोटाने प्रत्येक पातं हलकं फिरवून बघा, खरखर लागते का, अडकतं का. लॅपटॉपवाल्यांना हे जमणार नाही, आणि त्यांना ती एनव्हिडियाची कमांड फॅनच्या जागी बहुतेक वेळा काही उपलब्ध नाही असंच दाखवेल, कारण लॅपटॉपचा फॅन कार्ड चालवत नाही, मदरबोर्डावरची वेगळी चिप चालवते. ते बघूनही लोक घाबरतात. नका घाबरू.

दुसरा मुद्दा, ६० च्या वर गेलं की सहा महिन्यांत मरतं. हे ६० कुठून आलं देव जाणे. एनव्हिडियाच्या स्वतःच्या तक्त्यात ३०६० ची कमाल ९३ डिग्री आहे, जुन्या १०६० ची ९४, आणि ४०९० ची ९०. आपण ९३ पर्यंत न्यावं असा याचा अर्थ नाही. साधारण ८३ च्या आसपास कार्ड स्वतःच वेग थोडा थोडा कमी करायला लागतं, त्यामुळे सत्तर-ऐंशीच्या मधे असेल तर मी दुसऱ्यांदा बघतही नाही. आणि हे ६० लिहिणाऱ्याने अकोला, चंद्रपूर, नागपूर कधी मे महिन्यात बघितलंय का? परदेशातले रिव्ह्यूवाले वीस-पंचवीस डिग्रीच्या खोलीत बसून कार्ड मोजतात. कार्ड हवेपेक्षा किती वर जातं हा फरक साधारण ठरलेला असतो, खोली २३ असताना कार्ड ६८ दाखवत असेल तर खोली ३८ झाल्यावर तेच कार्ड तेवढ्याच फॅनवर ८० च्या पार जाणार, यात कार्डाचं काय चुकलं? आपल्याकडे तापमान सांगताना खोलीचं तापमान सांगितलं नाही तर तो आकडा अर्धाच असतो. बघायचंच असेल तर त्या एनव्हिडिया-एसएमआय कमांडपुढे डॅश क्यू (-q) लावा, लांबलचक यादी येते, त्यात तुमच्या कार्डाचा स्लोडाऊन कितीला आणि शटडाऊन कितीला हे कार्ड स्वतःच सांगतं, आणि वेग आत्ता तापमानामुळे कमी झालाय का पॉवरच्या मर्यादेमुळे हेही तिथेच दिसतं. फॉरवर्डपेक्षा कार्डाला विचारलेलं बरं.

तिसरा, दोन सॉफ्टवेअर वेगळं दाखवतात म्हणजे व्हायरस. यात चूक तर आहेच, पण त्यापेक्षा ती खालची लिंक वाईट आहे.

वेगळं दाखवतात कारण बऱ्याचदा ते वेगळंच मोजत असतात. टास्क मॅनेजरमध्ये (विंडोज १० च्या मे २०२० च्या अपडेटपासून जीपीयूचं तापमान दिसतं) एकच आकडा असतो, कोअरचा, म्हणजे मुख्य चिपचा सर्वसाधारण. जीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरांमध्ये कोअर वेगळा, हॉटस्पॉट वेगळा, काही कार्डांत मेमरी वेगळी. हॉटस्पॉट म्हणजे चिपवरची सगळ्यात तापलेली जागा, ती कोअरपेक्षा दहा-पंधरा, कधी वीसनेही जास्त असते आणि असणारच. एएमडीची आरएक्स ५७०० आली तेव्हा लोकांनी ११० बघून आरडाओरडा केला तर २०१९ च्या ऑगस्टमध्ये एएमडीने जाहीर लिहिलं की जंक्शनला (हॉटस्पॉटलाच एएमडी असं म्हणते) ११० पर्यंत जाणं अपेक्षित आहे आणि मर्यादेतच आहे. एनव्हिडियाच्या ३०८० आणि ३०९० च्या मेमरीचा आकडा तर २०२१ च्या सुरुवातीपर्यंत कुणाला दिसतच नव्हता, एचडब्ल्यूइन्फोने तो दाखवायला सुरुवात केली आणि एका रात्रीत हजारो लोकांची कार्डं "आजारी" पडली. काल जी चालत होती तीच कार्डं, फक्त थर्मामीटर नवा. उलट बाजूने, आरटीएक्स ५० च्या मालिकेत २०२५ पासून हॉटस्पॉटचा आकडा सॉफ्टवेअरला मिळणंच बंद झालंय. म्हणजे नव्या कार्डात आकडा नाही दिसला तर सेन्सर गेला म्हणू नका, दाखवतच नाहीत.

आणि ते १२७. भाच्याने एक जुनंपुराणं सॉफ्टवेअर टाकलं होतं, त्यात "ऑक्स" नावाच्या ओळीत १२७ डिग्री, बाजूला ज्वाळेचं चित्र. पोरगं टरकलं. दुकानात फोन केला तर तिथल्याने फोनवरूनच "सेन्सर उडालाय, कार्ड बदलावं लागेल" म्हणून सांगितलं, न बघता, आणि त्याची किंमतही लगेच सांगितली. अरे १२७ म्हणजे आठ बिटांत, ऋण-धन धरून, बसणारा सगळ्यात मोठा आकडा. मदरबोर्डावरच्या मॉनिटरिंग चिपला सेन्सरसाठी जास्तीच्या पिना असतात, काहींना कंपनीने काहीच जोडलेलं नसतं, ते सॉफ्टवेअर तिथेही जाऊन विचारतं आणि रिकाम्या पिनेवरून हा कमाल आकडा उचलून आणतं. फोन बंद असलेल्या माणसाला विचारल्यासारखं. त्या ओळीचा ग्राफिक्स कार्डाशी संबंधच नव्हता. कधी उणे काहीतरी दिसेल, कधी २५५ दिसेल, तेही त्याच जातीचे. खरी चिप १२७ ला असती तर ती केव्हाच स्वतःहून बंद पडली असती, तुम्हाला ज्वाळेचं चित्र बघायला मिळालं नसतं.

तापमान दाखवणारे तिन्ही-चारही प्रोग्राम एकदम चालू ठेवू नका एवढं मात्र सांगतो. ते सगळे एकाच वायरीवरून एकाच चिपला प्रश्न विचारतात, एकाचं उत्तर दुसऱ्याच्या कानात गेलं की मधेच एखादा वेडावाकडा आकडा उडी मारतो. एक ठेवा, बाकीचे बंद करा, मग बघा.

आता ती लिंक. "सेन्सर फिक्सर" असं काही नसतं. चिपच्या पोटातला सेन्सर सॉफ्टवेअरने दुरुस्त होत नाही. पण अशा नावांखाली चोर बसलेले असतात हे नक्की. २०२१ च्या मे महिन्यात एमएसआयला स्वतःला इशारा द्यावा लागला होता की आफ्टरबर्नरच्या नावाने हुबेहूब खोटी वेबसाइट चालू आहे, आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये सायबल या सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं की खोट्या आफ्टरबर्नरबरोबर लोकांच्या पीसीत मोनेरो या आभासी चलनाचं मायनिंग करणारा प्रोग्राम आणि पासवर्ड चोरणारा प्रोग्राम घुसवतायत. मायनिंग म्हणजे कार्ड-प्रोसेसर दिवसरात्र जुंपणार, म्हणजे तापमान वाढणार, म्हणजे तुम्ही परत "फिक्सर" शोधणार. व्हायरस जायला म्हणून लिंक दाबायची आणि व्हायरस घरी आणायचा. भाच्याने ती दाबली नव्हती, त्याने ओव्हन निवडला. कशाला चांगलं म्हणावं कळेना.

चौथा, फॅन १०० वर लॉक. करा हवं तर, घरात विमान उतरल्यासारखा आवाज येईल, फॅनचं बेअरिंग लवकर झिजेल, धूळ जास्त आत ओढली जाईल, आणि सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या तुलनेत फायदा माझ्या अनुभवात दोन-चार डिग्रीचा. तपासणी म्हणून दोन मिनिटं १०० वर नेऊन बघणं मात्र उपयोगाचं आहे: आवाज वाढला का, आरपीएम चढला का, तापमान उतरलं का. हुकूम सोडल्यावर हजेरी वाढत नसेल तर फॅन किंवा त्याची वायर, हजेरी वाढून तापमान उतरत नसेल तर पेस्ट, धूळ किंवा (बघा) साटा केबल.

सहावा, कूलरसमोर कॅबिनेट. पत्रा काढून ठेवल्याने तापमान पाच डिग्री उतरलं तर त्याचा अर्थ कॅबिनेटात हवा खेळत नाहीये, ही माहिती म्हणून चांगली आहे, पण वाळ्याच्या ताट्यांचा कूलर उघड्या मदरबोर्डावर रोखायचा म्हणजे ओली हवा आणि अधूनमधून थेंब. खोली गार करा की, पीसीला आंघोळ कशाला.

आता जे मान्य करावं लागतं ते करतो, नाइलाजाने. "ड्रायव्हरमुळे फॅन बंद पडतात" असं त्या मेसेजखालच्या उत्तरांत कुणीतरी ठोकून दिलं होतं आणि मी खोडायला बसलो तर ते अगदीच खोटं नाही. २०१० च्या मार्चमध्ये एनव्हिडियाला १९६.७५ हा ड्रायव्हर मागे घ्यावा लागला होता, फॅनचं नियंत्रण बिघडून कार्डं तापत होती म्हणून. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये एएमडीच्या नव्या क्रिमसन ड्रायव्हरनेही तोच घोळ घातला, फॅन कमी वेगावर अडकून बसायचे, आठवड्याभरात दुरुस्तीचा ड्रायव्हर काढावा लागला. आणि हॉटस्पॉट जास्त म्हणजे नेहमी नॉर्मलच असंही नाही. २०२३ च्या जानेवारीत एएमडीने कबूल केलं की त्यांच्या आरएक्स ७९०० एक्सटीएक्सच्या काही कार्डांत कूलरच्या व्हेपर चेंबरमध्ये (उष्णता पसरवणाऱ्या बंद डबीत) पाणीच कमी भरलेलं होतं, म्हणून हॉटस्पॉट ११० ला चिकटत होता. तिथे तक्रार करणारे लोक बरोबर होते आणि "नॉर्मल आहे हो" म्हणणारे माझ्यासारखे चूक. म्हणून कोअर आणि हॉटस्पॉटमध्ये तीसच्या पुढे फरक दिसायला लागला तर मी पेस्ट वाळली किंवा कूलर एका बाजूने नीट बसला नाही असा संशय घेतो. वॉरंटी असेल तर आधी वॉरंटी, स्वतः उघडू नका.

भाच्याने वर विचारलं, "मंग मामा, ग्रुपवर काय लिहू?" म्हटलं फॅनचा फोटो टाक, केबलसकट. टाकला. खाली सतरा अंगठे आले आणि भाऊजींनी विचारलं की ही केबल कुठून आली. तो प्रश्न मलाही पडला होता, म्हणून त्याला तिचं दुसरं टोक शोधायला लावलं. एक टोक मदरबोर्डात. दुसरं कशालाच जोडलेलं नव्हतं, दोन वर्षांपूर्वी बंद पडलेली हार्ड डिस्क काढली तेव्हापासून तशीच लोंबत होती.